पाल्याचा रस व रोगजंतू

बीदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत कडुनिंब, निर्गुडी, अडुळसा व मेंदी यांची ओळख कोणास करून देण्याचे कारण नाही. आपण जिला निर्गुडी म्हणतो तिला कानडी शेजारी लक्की म्हणतात, आणि आपला कडुनिंब तो त्यांचा बेवु. नावे दोन असली तरी उपयोग दोन्ही घरी सारखाच. कांजिण्या उतरल्यावर कडुनिंबाच्या पाण्याने स्नान, खरजेवर पाल्याचा लेप, आणि तुरीच्या कणगीत वाळलेल्या पाल्याचा थर. यात तथ्य किती, हे पाहण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेत पाला वाळवून त्याची पूड करतात व ती पाण्यात, मद्यार्कात किंवा अन्य द्रावकात भिजवून अर्क काढतात. काचेच्या बशीत, समुद्रशेवाळापासून केलेल्या अगर नामक पदार्थाच्या थरावर जंतू पेरतात आणि त्यावर अर्कात भिजविलेली कागदाची चकती ठेवतात. एक रात्र उबेत ठेवल्यावर चकतीभोवती जंतूरहित वर्तुळ दिसले, तर अर्कात गुण आहे असे समजावयाचे. कडुनिंब, तुळस व मेंदी यांच्या पानांनी अशी वर्तुळे अनेकदा दाखविली आहेत. मेंदीतील लॉसोन नावाचे जे द्रव्य हात रंगविते, तेच बुरशीसही आळा घालते.

अर्क कसा काढला यावर मात्र पुष्कळ अवलंबून असते. मद्यार्कातील अर्क पाण्यातील अर्कापेक्षा बहुधा प्रभावी ठरतो, कारण जंतुनाशक द्रव्यांपैकी बरीचशी पाण्यात नीट उतरत नाहीत. आयुर्वेदाने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट असे पाच प्रकार वेगळे मानले, ते उगीच नव्हे. चीनमधील संशोधिका तू यूयू यांनी हिवतापावरील वनस्पतीचा शोध घेताना चौथ्या शतकातील एका ग्रंथात वाचले की, ती पाण्यात भिजवून पिळावी. उकळण्याने गुण नष्ट होत असावा, हे त्यांनी ताडले आणि १९७१ साली कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले व २०१५ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. आमच्या घरी मात्र दिसेल त्या पाल्याचा काढाच उकळतो!

अडुळशाचे खाते निराळे आहे. त्यातील वासिसीन कफ सुटण्यास साह्य करते व त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे औषध तयार झाले. तेव्हा अडुळशाने आराम पडला की तो सगळाच जंतुनाशाच्या नावे जमा करू नये.

बशीतील वर्तुळ व माणसाचा देह यांत अंतर फार. बशीत अर्क जंतूंना थेट भिडतो. प्यालेला रस पचनातून जातो व रक्तात विरळ होतो. प्रतिजैविकाचे काही मायक्रोग्रॅम जेथे पुरतात, तेथे पाल्याच्या अर्काचे मिलिग्रॅम मोजावे लागतात, म्हणजे शेकडो पट. शिवाय पाला जमिनीप्रमाणे व ऋतूप्रमाणे बदलतो. एका पोत्याच्या वानगीवरून आपण सारी थप्पी पत्करतो काय?

आमच्या बाजारपेठेतील एका हमालाच्या पायास खिळा लागला. आपणांस मधुमेह आहे, हे त्यास ठाऊक नव्हते. पंधरा दिवस कडुनिंबाचा लेप चालला. वरून जखम सुकली व आत पू साचत गेला. अखेर अंगठा कापावा लागला. लेपाने बिघडले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पंधरा दिवस अगोदर यावयास हवे होते, एवढेच म्हणाले.

घरातील स्त्रियांस आणखी एक विनंती. कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलांस थेंबभरही पाजू नये. त्याने ओकाऱ्या, गुंगी व झटके येऊन मुले दगावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

राहिली कणगीतील तूर. कडुनिंबातील किडीस दूर ठेवणारे अझाडिराक्टिन पानांत थोडे व निंबोळीत अधिक असते. तरीही वाळलेल्या पाल्याचा थर निरुपयोगी नाही. पण तूर दमट असेल तर बुरशी त्याने थांबत नाही, आणि पाला हिरवाच घातला तर ओल उलट वाढते. आधी तूर कडक उन्हात वाळवावी, पाला सावलीत, आणि मगच कणगी भरावी.