वॉशिंग मशीनची मोटर खरंच जळाली आहे का? घरच्या घरी ओळखूया



मागच्या पावसाळ्यात भाईंदरला आमच्या घरची सेमी-ऑटोमॅटिक मशीन अचानक बंद पडली. बटण फिरवलं की नुसता 'हुंऽऽ' असा आवाज, पण आतली चकती जागची हलेना. पाहायला आलेले मिस्त्री म्हणाले, "बाई, मोटर गेली. नवीन टाकावी लागेल." नंतर दुसऱ्याने तपासलं तेव्हा कळलं की मोटर ठणठणीत आहे, गेलाय तो फक्त कंडेन्सर! मोटरच्या मानाने तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. म्हणून आजचा हा पाठ.

आवाज येतो, पण फिरत का नाही?

या मोटरमध्ये तारांची दोन वेटोळी असतात. घरातला वीजप्रवाह एकफेजी, २३० व्होल्टचा. एकट्या वेटोळ्याने मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. कंडेन्सर (पुस्तकी भाषेत धारित्र) दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह थोडा मागेपुढे करतो आणि मोटर फिरू लागते. घरातला पंखा आठवा. कंडेन्सर कमजोर झाला की तो आपोआप सुरू होत नाही, काठीने ढकलला की फिरतो. अगदी तसंच इथे घडतं.

आधी सुरक्षितता

स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. हात आणि फरशी कोरडी हवी. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. म्हणून त्याच्या दोन टोकांना जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या वायरी काही सेकंद लावून तो रिकामा करावा, आणि मल्टीमीटरवर शून्य व्होल्ट दिसल्याशिवाय हात लावू नये.

क्रमाने तपासूया

१. काहीच आवाज नाही: प्लग, बोर्ड, टायमर पाहा. फक्त ड्रायर बंद असेल तर झाकणाखालचा स्विच तपासा. खाली उंदराने वायर कुरतडली आहे का, तेही बघा.

२. मोटर फिरते, चकती नाही: पट्टा सुटला किंवा तुटला असेल.

३. फक्त घुमते: प्लग काढून मोटरची पुली हाताने फिरवा. जड जात असेल तर बेअरिंग जाम आहे. सहज फिरली तर संशय कंडेन्सरवर. त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा आणि मीटरवरचा आकडा ताडून पाहा. मीटरवर बराच कमी आला तर तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नवीन घ्या.

४. थोडा वेळ चालून बंद, थंड झाल्यावर पुन्हा सुरू: मोटर तापते आहे. आधी कपडे कमी करून पाहा.

मोटरचा निकाल कसा लावायचा?

कंडेन्सर आणि मोटरच्या वायरी सोडवा. मोटरच्या तीन वायरींच्या जोड्या करून ओहममध्ये मोजा. सर्वांत मोठा आकडा ज्या दोन वायरींत येतो, ती दोन टोकं. उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासूनच्या दोन आकड्यांची बेरीज साधारण मोठ्या आकड्याइतकी यायला हवी. धुण्याची मोटर दोन्ही दिशांना फिरते, म्हणून तिची दोन्ही वेटोळी जवळपास सारखीच दाखवतात. ड्रायरच्या मोटरमध्ये फरक असू शकतो. एखाद्या जोडीत काहीच आकडा आला नाही तर तार तुटली आहे. आकडा फारच कमी किंवा जळका वास असेल तर वेटोळं जळालं.

शेवटी एक टोक वायरीला, दुसरं मोटरच्या लोखंडी अंगाला लावा. इथे आकडा आला तर वीज अंगात उतरते आहे. अशी मशीन अजिबात चालवू नका. मशीनला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर मीटर काहीही सांगो, इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. अर्थिंगही तपासून घ्या.

वायरी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढायला विसरू नका. आणि मुलांनो, हे काम मोठ्यांचं. तुम्ही शेजारी बसून आकडे वहीत लिहा. बेरीज जुळली की नाही, ते मात्र तुम्हीच सांगायचं!