नेपियरच्या आधीचा नांदगावकर

गुणाकाराची बेरीज करून देणारे लॉगरिदम जॉन नेपियरने एडिंबरोजवळ तयार केले, ते १६१४ साली छापले गेले. आकडेमोडीचा भार हलका करण्याचा ध्यास आपल्याकडे त्याच्या ९४ वर्षे आधी एका तरुणाने घेतला होता. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ १५२० सालचा. तेव्हा ते जेमतेम तेरा वर्षांचे होते!

ग्रहगणितात ज्या-कोटिज्यांचे (साइन-कोसाइनचे) कोष्टक लागतेच, असा सर्वांचा समज. गणेशांनी ते बाजूला ठेवून साध्या अंकगणिती सूत्रांवर काम भागवले. दिवसांची अवाढव्य मोजणी टाळण्यासाठी ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र धरले. सूक्ष्मता किंचित गेली, पण खेड्यातल्या जोशालाही पंचांग करता येऊ लागले. हा सौदा मोलाचाच. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगे याच ग्रंथावर चालली.

आणखी एक धागा. खानदेशातल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. तसा शिलालेखच तिथे आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर गणेशांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तिच्यात नियमांच्या उपपत्तीही दिल्या.