तीनशे वर्षांचा पेशंट आणि आपली कोरी जागा



माझी नात बेरशेबाला शिकते. मागच्या महिन्यात ती जेवायला आली आणि पानावर बसताच म्हणाली, "आजी, आज मला एक पेशंट सापडला. वय तीनशे वर्षं!"

आपण वाढदिवसाला एकशेवीस वर्षांचा आशीर्वाद देतो. हा तर त्याच्या अडीचपट! मी म्हटलं, "तुझा कॉम्प्युटर बिघडला असेल." ती हसली. "बिघडला नाही, आजी. मुद्दाम तसं केलंय."

तिने जो विषय घेतला आहे त्याचं नाव मेडिकल इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे वैद्यकीय माहितीशास्त्र. मी नर्स होते तेव्हा ताप, नाडी, लघवी, औषध सगळं हाताने चार्टवर लिहीत असे. पेशंट घरी गेला की चार्ट फाइलमध्ये आणि फाइल कपाटात. आता हे सगळं कॉम्प्युटरमध्ये जातं. लाखो लोकांच्या अशा नोंदी एकत्र ठेवल्या, तर एका डॉक्टरला आयुष्यभरात दिसणार नाही ते दिसू शकतं. ते कसं पाहायचं, हे शिकण्याचं हे शास्त्र.

आता त्या तीनशे वर्षांच्या पेशंटविषयी. अमेरिकेत बोस्टनला बेथ इस्राएल डीकनेस नावाचं मोठं इस्पितळ आहे. तिथल्या अतिदक्षता विभागातल्या २००१ ते २०१२ या काळातल्या ३८ हजारांहून अधिक प्रौढ पेशंटांच्या नोंदी शिकणाऱ्यांसाठी फुकट ठेवल्या आहेत. या संग्रहाचं नाव 'मिमिक'. जगभरातले कितीतरी विद्यार्थी याच्यावरच हात बसवतात. पण मागितल्या आणि मिळाल्या असं होत नाही. आधी माणसांवरच्या संशोधनाचे नियम शिकवणारा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, मग करारावर सही करावी लागते.

या नोंदींतून नाव, पत्ता, फोन काढून टाकलेले आहेत. तारखाही भविष्यात ढकलल्या आहेत, पण दोन तपासण्यांमधलं अंतर तेवढंच ठेवलं आहे. आणि ज्यांचं वय ८९ च्या वर, त्यांची जन्मतारीख अशी मागे नेली आहे की वय तीनशे दिसावं. कारण एवढ्या वयाची माणसं थोडी. "९६ वर्षांची बाई, अमुक दिवशी दाखल" एवढं वाचूनही कोणी ओळखेल. म्हणून हा बुरखा. नात म्हणाली, "आम्हाला पहिला धडा हाच. आकड्यामागे माणूस आहे, आणि त्याची अब्रू आपल्या हातात आहे."

मी विचारलं, "मग पुढे काय करायचं असतं?" तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते.

पहिलं, प्रश्न लहान हवा. "मधुमेह का होतो?" हा नवशिक्याचा प्रश्न नव्हे. "ज्यांना मधुमेहाचं औषध सुरू झालं, त्यांतल्या किती जणांच्या डोळ्यांची तपासणी वर्षभरात झाली?" याचं उत्तर नोंदींतून काढता येतं, आणि त्याने कोणाची तरी दृष्टी वाचू शकते.

दुसरं, जो नोंद लिहितो त्याच्याजवळ जाऊन बसायचं. डॉक्टर आणि नर्स घाईत काय लिहितात, काय सोडतात, हे दवाखान्यात पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिसरं, परवानगी. इथे तिला हेलसिंकी समिती म्हणतात. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यावरून हे नाव आलं. संशोधन माणसाच्या हिताविरुद्ध तर नाही ना, हे ही समिती बघते.

चौथं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. आपण तांदूळ निवडतो तशा नोंदी निवडायच्या. कोणी उंची १५८ लिहिलेली असते, कोणी १.५८. वजन ७२ च्या ऐवजी ७.२ पडलेलं असतं. एक डॉक्टर 'डायबेटिस' लिहितो, दुसरा 'सुकेरेत', तिसरा फक्त आंतरराष्ट्रीय यादीतला आकडा. हे खडे काढले नाहीत तर उत्तर चुकतं, आणि चुकलेलं उत्तरही कॉम्प्युटर तेवढ्याच ऐटीत देतो.

पाचवं, सारख्याची तुलना सारख्याशी. याचं मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १ जानेवारी १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा लागू झाला आणि प्रत्येक रहिवासी चारपैकी एका कुपत खोलीमचा सभासद झाला: क्लालित, मक्काबी, मेउहेदेत किंवा लेउमित. नाव हिब्रूत तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं तरी तेऊदत झेहूतचा नऊ आकडी नंबर एकच, म्हणून वर्षानुवर्षांच्या नोंदी एका धाग्यात राहतात. कोरोनाच्या वेळी क्लालितच्या संशोधकांनी लस घेतलेले ५,९६,६१८ लोक घेतले आणि वय, आजार, राहण्याची जागा वगैरे जुळणारे तेवढेच लस न घेतलेले लोक त्यांच्यासमोर ठेवले. दुसऱ्या डोसनंतर सात दिवसांनी लक्षणांसह होणारा कोरोना ९४ टक्क्यांनी कमी असल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये जगाला कळलं. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या नोंदींतूनच हे उत्तर निघालं.

इथपर्यंत ऐकून मला अभिमान वाटला. मग नातीने विचारलं, "आजी, आपल्या भारतीय लोकांचं काय दिसतं, ते पाहायचं म्हटलं तर?"

प्रश्न महत्त्वाचा आहे. १९६१ मध्ये जेरुसलेमचे डॉ. ए. एम. कोहेन यांनी दाखवलं होतं की येमेनहून नुकत्याच आलेल्या यहुद्यांत मधुमेह फार थोडा होता, पण इथे पंचवीस वर्षं राहिलेल्या येमेनींत तो बराच वाढलेला होता. खाणं बदललं, साखर वाढली. भारतीय वंशाच्या माणसांना मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात होतो, हेही आता पक्कं ठाऊक आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सांगितलं की वजन-उंचीचा जो निर्देशांक इतरांना २५ झाल्यावर काळजीचा, तो आशियाई लोकांनी २३ लाच काळजीचा धरावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला २५ म्हणजे ६४ किलो, आणि २३ म्हणजे सुमारे ५९ किलो. म्हणजे "जाडी नाही, मग काळजी नाही" हे आपल्याला लागू नाही.

पण नोंदींत आपली माणसं ओळखायची कशी? इथल्या सरकारी आकडेवारीत मूळ देश पुष्कळदा स्वतःच्या किंवा वडिलांच्या जन्मस्थानावरून धरतात. मी रेवदंड्याची, माझा मुलगा भारतीय मुळाचा; पण नातीचे वडील इथे जन्मले, म्हणून त्या हिशेबात ती नुसती 'इस्राएल'. रक्त तेच, जेवणात भातही तोच, पण कॉम्प्युटरला ते दिसत नाही. त्याला दिसू शकेल ती एकच गोष्ट: घरातल्या आजारांची नोंद.

त्या रात्री मी माझी स्वतःची नोंद कुपत खोलीमच्या साइटवरून नातीकडून काढून घेतली. औषधं बरोबर होती. पण घरातल्या आजारांची जागा कोरी. माझ्या आईला मधुमेह होता. धाकटा भाऊ ४९ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. हे सगळं मला पाठ आहे, पण डॉक्टरने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी नर्स असून! नात हळूच म्हणाली, "आजी, कोरी जागा दिसली की आमचा हिशेब पुष्कळदा 'आजार नाही' असंच धरतो."

म्हणून वाचकहो, तीन कामं सांगते.

एका कागदावर आई, वडील, भाऊ, बहिणी लिहा. मधुमेह, हार्ट अटॅक, पक्षाघात, कॅन्सर यांतलं कोणाला काय झालं आणि कितव्या वर्षी, ते समोर लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरला वाचून दाखवा आणि नोंद करायला सांगा. कागदाची एक प्रत मुलांना द्या.

आपल्या नोंदीची प्रत मागा. १९९६ च्या रुग्ण हक्क कायद्याने तो तुमचा हक्क आहे. ॲलर्जी आणि औषधं नीट तपासा, चूक असेल तर दुरुस्त करायला सांगा.

कोणी संशोधनासाठी सही मागितली तर विचारा: कशासाठी, कोण पाहणार, नाव काढलेलं असेल का, हेलसिंकी समितीची परवानगी आहे का? नाही म्हटलंत तरी तुमचे उपचार थांबत नाहीत. नाव काढलेल्या जुन्या नोंदींवरचं संशोधन मात्र समिती पुष्कळदा प्रत्येकाला न विचारताही मंजूर करते, हेही माहीत असावं. आणि फोनवर कोणी "संशोधन" म्हणत नंबर मागितला तर देऊ नका.

नातवंडांपैकी कोणाला या विषयाची गोडी असेल तर अडवू नका. डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. नर्सिंग, कॉम्प्युटर, गणित, कुठल्याही दाराने आत जाता येतं. बेरशेबाच्या बेन गुरिअन विद्यापीठात आणि हैफा विद्यापीठात या विषयावर काम चालतं.

मी मागच्या मंगळवारी माझा कागद घेऊन गेले. डॉक्टरने दोन ओळी टाइप केल्या. अर्धा मिनिटही लागला नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या मुलाची साखर कधी तपासली होती?"

ती अजून तपासलेली नव्हती. या आठवड्यात तपासणार आहे.