तुरीतल्या मांजराचा हिशेब

लातूर जिल्हा ७,१५७ चौरस किलोमीटरचा. त्यात जंगल एक टक्काही नाही. शेजारच्या नांदेडला किनवट-माहूरकडचं सागवान तरी आहे. लातूरच्या रानमांजराचं रान म्हणजे तूर, ऊस, बांधावरच्या बाभळी आणि ओढ्याकाठचं गवत.

चार-सहा किलोचं हे जनावर खातं काय? राजस्थानातल्या सरिस्कात शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी विष्ठा तपासून त्याचं उत्तर शोधलं, ते २००४ साली प्रसिद्ध झालं. एक रानमांजर रोज तीन ते पाच उंदीर खातं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे होतात १,०९५ ते १,८२५. सरडे आणि पाखरं वेगळीच.

आता उंदरांच्या बाजूने मोजू. एक जोडी, चार महिन्यांतून एकच वेत, वेताला सहा पिल्लं, सगळी जगली असं धरा. दोनाचे आठ, आठाचे बत्तीस, वर्षाअखेर १२८. दुसऱ्या वर्षाअखेर ८,१९२! शंभर ग्रॅमचा उंदीर दिवसाला दहाएक ग्रॅम दाणे फस्त करतो, म्हणजे या साऱ्यांना रोज ऐंशी किलोंहून जास्त धान्य. काही जाती कणसं तोडून बिळात साठवतात, ती निराळीच.

समजा, लातुरात दहा चौरस किलोमीटरला एकच रानमांजर आहे. तरी ७१५ मांजरं झाली. रोज तीनच उंदीर धरले, तरी वर्षाला ७ लाख ८२ हजारांवर! कोंबडी नेली की गावभर बोभाटा होतो, या उंदरांचं नाव कुणी काढत नाही. हा मला सरळ अन्याय वाटतो.

ऊसतोडीत फडात पिल्लं सापडली की बिबट्याची समजून उचलली जातात. आई बहुधा जवळच असते. पिल्लं तिथेच ठेवून माणसं लांब झाली, तर आई त्यांना घेऊन जाऊ शकते.

त्याहून मोठी धास्ती उंदीर मारायच्या औषधाची. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि मांजराच्या तोंडी सहज लागतो. त्याच्या अंगातलं विष मांजराच्या अंगात उतरतं. शेतात मांजराचा वावर असेल, तिथे हे औषध टाकू नये. मेलेल्या उंदरांची जागा लगेच भरते, मांजरांची नाही: उंदरीण तीन आठवड्यांत विते. रानमांजरीला दोन महिन्यांहून अधिक लागतात, आणि तिला पिल्लं होतात जेमतेम तीनेक.