शेअरच्या बदल्यात शेअर: स्वीकारायचे की नाही?

शहाडच्या सेंच्युरी रेयॉनची ओळख उल्हासनगर ते खरवई पट्ट्यात कोणाला करून द्यावी लागत नाही. तिची मूळ कंपनी सेंच्युरी टेक्स्टाइल्सने 2019 मध्ये सिमेंट व्यवसाय अल्ट्राटेककडे दिला. त्या वेळी सेंच्युरीच्या दर 8 शेअरमागे अल्ट्राटेकचा 1 शेअर मिळाला आणि सेंच्युरीचे शेअर जागच्या जागी राहिले. अशा योजनेची किंवा ऑफरची कागदपत्रे हाती आली की काही समज हमखास डोके वर काढतात.

गैरसमज: होकार कळवला नाही तर शेअर बुडतात.
वस्तुस्थिती: आधी कागद कशाचा आहे ते पाहावे. सेंच्युरीसारखी योजना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केली की ती सर्वांना लागू होते. वेगळा होकार लागत नाही. ओपन ऑफर, म्हणजे कंपनीचा ताबा घेऊ पाहणाऱ्याने भागधारकांना दिलेला खरेदीचा प्रस्ताव, मात्र ऐच्छिक असते. काहीच केले नाही तर शेअर डीमॅट खात्यात तसेच राहतात.

गैरसमज: 100 देऊन 67 मिळणार, म्हणजे 33 चा तोटा.
वस्तुस्थिती: आयसीआयसीआय सिक्युरिटीज शेअर बाजारातून काढण्याच्या योजनेत तिच्या 100 शेअरमागे आयसीआयसीआय बँकेचे 67 शेअर देऊ केले गेले. येथे नगांची संख्या मोजून उपयोग नाही. 100 शेअरचा भाव आणि 67 शेअरचा भाव समोरासमोर मांडावा लागतो. हे गुणोत्तर कमी असल्याचा आक्षेप क्वांटम म्युच्युअल फंडासह अनेकांनी घेतला होता. मार्च 2024 च्या मतदानात सार्वजनिक भागधारकांची सुमारे 72 टक्के मते बाजूने पडली; नियमानुसार विरोधी मतांच्या किमान दुप्पट मते लागतात. मग विरोधकांचेही शेअर बदलले गेले आणि मार्च 2025 मध्ये कंपनी बाजाराबाहेर पडली.

अशा योजनेत मत देणे ही छोट्या भागधारकाची मुख्य संधी असते. ती सोडू नये.

गैरसमज: ऑफरचा भाव बाजारापेक्षा चांगलाच असतो.
वस्तुस्थिती: 2022 मध्ये एनडीटीव्हीसाठी अदानी समूहाची ऑफर 294 रुपयांची होती, तर बाजारभाव त्याहून वर होता. पुढे प्रवर्तकांना 342.65 रुपये मिळाले, तेव्हा ऑफरमध्ये शेअर दिलेल्यांनाही 48.65 रुपयांचा फरक देण्यात आला. दरवेळी असा फरक मिळेलच असे नाही.

गैरसमज: एकदा दिलेले शेअर मागे घेता येतात, आणि दिलेले सगळे घेतले जातात.
वस्तुस्थिती: ओपन ऑफरची खिडकी 10 कामकाजी दिवस उघडी असते आणि दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त शेअर आले तर प्रमाणात स्वीकारले जातात, उरलेले परत येतात.

गैरसमज: रोकड हाती आली नाही, म्हणजे कर नाही.
वस्तुस्थिती: कायद्याच्या अटींत बसणाऱ्या विलीनीकरणात वा विभाजनात नवे शेअर मिळाल्याबद्दल लगेच कर लागत नाही. स्वेच्छेने शेअरच्या बदल्यात शेअर घेतले तर मात्र ते हस्तांतरण ठरते आणि भांडवली नफ्याचा हिशेब द्यावा लागतो.

निर्णयाआधी स्वतंत्र संचालकांच्या समितीची शिफारस, त्या दिवशीचा बाजारभाव आणि आपली मूळ खरेदी किंमत या तीन गोष्टी पाहाव्यात. ऑफर बाजारभावापेक्षा कमी असेल आणि शेअर विकायचेच असतील, तर ते सरळ बाजारात विकणे फायद्याचे.