जुना सांगाडा, नवी गाडी

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. मारुतीची अल्टो ८००, टाटांची नॅनो, ह्युंदाईची आय१०, फोर्डची फिगो आणि फोक्सवॅगनची पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि बातमी त्या शून्याचीच झाली. त्या निकालातला खरा धडा मात्र वेगळा होता. अल्टो, नॅनो आणि आय१० यांचा सांगाडा धडकेत कोलमडला होता. इतका, की या गाड्यांत एअरबॅग बसवूनही गंभीर इजा टळणार नाही, असं संस्थेनं सांगितलं. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला. चाकणला बनणाऱ्या पोलोची दोन एअरबॅगांसह पुन्हा चाचणी झाली तेव्हा ती थेट चार ताऱ्यांवर पोहोचली. एका गाडीत भर घालून उपयोग होता, दुसरीत नव्हता. जुना प्लॅटफॉर्म सुधारायचा की मोडीत काढायचा, या मोटार कंपन्यांपुढच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे.

प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा न दिसणारा भाग. गाडीचा तळ, इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली पोलादी भिंत, सस्पेन्शन जिथं अडकतं त्या जागा, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, स्टिअरिंगची मांडणी. यावर बॉनेट, दिवे, सीट, पडदे काहीही चढवता येतं, आणि दर दोन-तीन वर्षांनी कंपन्या तेच बदलून ‘नवी’ गाडी आणतात. खालचं बदलायला त्या नाखूश असतात, त्यालाही कारण आहे. तळाचा प्रत्येक पत्रा ज्या डायमध्ये दाबला जातो ती डाय टूलरूममध्ये महिनोन्‌महिने खपून तयार होते. वेल्डिंगचे जिग, तपासणीची साधनं, पुरवठादारांकडची यंत्रं, सगळं त्या एका मापाला बांधलेलं असतं. हा खर्च पहिल्या काही वर्षांत वसूल होतो. त्यानंतर निघणारी प्रत्येक गाडी कंपनीला स्वस्त पडते. म्हणजे प्लॅटफॉर्म जितका जुना, तितका नफा जास्त. जुन्याला चिकटून राहण्यात आळसापेक्षा हिशेबाचा भाग मोठा असतो. त्यामुळे ‘जुनं ते टाका’ एवढं म्हणून भागत नाही.

शिवाय नवं म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. रेनोची क्विड २०१५ मध्ये आली ती सीएमएफ-ए या कोऱ्या करकरीत प्लॅटफॉर्मवर. पुढच्याच वर्षी, मे २०१६ मध्ये, तिच्या तीन आवृत्त्या तपासल्या गेल्या आणि तिन्हींना शून्य तारे मिळाले. नॅनोही २०१४ च्या चाचणीवेळी जेमतेम पाच वर्षांची होती. आता याच्या शेजारी टाटांची नेक्सॉन ठेवून पाहा. ती ज्या एक्सवन प्लॅटफॉर्मवर उभी आहे त्याचा वंश १९९८ च्या इंडिकापर्यंत जातो. रांजणगावला बनणाऱ्या या गाडीला ऑगस्ट २०१८ मध्ये चार आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाच तारे मिळाले; ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. वीस वर्षांच्या वंशावळीची गाडी पाचावर आणि वर्षभराची शून्यावर. मारुतीच्या घरातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवरच्या स्विफ्टला २०२२ मध्ये एक तारा मिळाला आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरला. त्याच कुळातली नवी डिझायर २०२४ मध्ये पाच तारे घेऊन आली, सांगाडाही स्थिर ठरला. प्लॅटफॉर्मच्या जन्मसालावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यावर नंतर काय काम झालं, आणि ते कुठे झालं, हे पाहावं लागतं.

‘कुठे’ या शब्दाशी थोडं थांबायला हवं. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती आणि ती २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघत राहिली. तिच्यात बदल झाले नाहीत असं नाही. तिला इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन मिळालं, ती जोरात पळू लागली. पण माणूस ज्या पिंजऱ्यात बसतो तो पिंजरा तसाच राहिला. वेग वाढवायचा आणि धडक झेलणारं अंग जुनंच ठेवायचं, याला मी सुधारणा म्हणणार नाही. खरी सुधारणा कशी असते ते पाहायचं तर पुढच्या काचेच्या कडेचा खांब पाहावा. समोरासमोर धडक झाली की जोर त्या खांबातून छपराकडे आणि दाराखालच्या पट्टीतून मागे जातो. खांब वाकला की दार चेपतं, डॅशबोर्ड मागे सरकतो आणि चालकाचे पाय पेडलांमध्ये अडकतात. हे टाळण्यासाठी आता तिथं वेगळं पोलाद वापरतात. पत्रा भट्टीत साधारण ९०० अंशांपर्यंत तापवायचा, लालबुंद आणि मऊ असतानाच डायमध्ये दाबायचा आणि डायमध्येच झपाट्यानं थंड करायचा. तो साध्या पत्र्याच्या कितीतरी पट कणखर होतो. खांबाचा आकार फारसा न बदलता हे करता येतं, म्हणून जुन्या प्लॅटफॉर्मलाही ते लागू पडतं. त्यासाठी नव्या डाय लागतात, पैसा लागतो, आणि गिऱ्हाइकाला शोरूममध्ये त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. कंपनीची नियत इथंच कळते.

मग जुना प्लॅटफॉर्म काढून कधी टाकायचा? मूळ मांडणीच आड येते तेव्हा. मारुतीची ओम्नी १९८४ पासून पस्तीस वर्षं विकली गेली. शाळेची मुलं, भाजीपाला, गावोगावची रुग्णवाहिका, सगळं तिनं वाहिलं. पण तिचा चालक बसायचा अगदी पुढच्या चाकांवर, त्याच्या गुडघ्यांपुढे चेपायला जागाच नव्हती. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या चालू मॉडेलांना समोरून आणि बाजूनं धडकेची चाचणी बंधनकारक झाली. तिथं ओम्नीला सुधारायला वावच नव्हता, आणि २०१९ मध्ये ती थांबली ते योग्यच झालं.

बॅटरीच्या गाड्यांनी ही मर्यादा आणखी ठळक केली आहे. पेट्रोल-डिझेलसाठी आखलेल्या तळात धुराच्या नळीसाठी मधून उंचवटा असतो, टाकीची जागा ठरलेली असते, पुढे इंजिनाचं मोठं खोकं असतं. त्यात बॅटरी बसवायची म्हणजे उरलेल्या जागेत सामान कोंबायचं. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी याच पद्धतीनं बसवली होती. त्यावर टीकाही झाली. मला मात्र ते पाऊल बरोबर वाटतं. भारतात विजेवरची गाडी कोण घेईल हेच ठाऊक नसताना कोऱ्या प्लॅटफॉर्मवर हजारो कोटी ओतणं धाडसाचं ठरलं असतं. त्या गाडीनं बाजार घडवला आणि मग २०२४ मध्ये पंच ईव्हीसाठी टाटांनी खास विजेचा प्लॅटफॉर्म आणला. महिंद्रानंही आधी एक्सयूव्ही३०० वरून एक्सयूव्ही४०० काढली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लो प्लॅटफॉर्मवर बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई सादर केल्या; चाकणला बनणाऱ्या या गाड्यांत ५९ आणि ७९ किलोवॉट-तासांच्या बॅटऱ्या दोन्ही आसांमध्ये सपाट पसरलेल्या आहेत. एवढी बॅटरी पेट्रोल गाडीच्या तळात नीट मावली नसती. जुन्यावर शिकून घ्यावं, पण शिकून झाल्यावर त्यातच अडकून राहू नये.

यावर खर्चाचा आक्षेप येतोच: नवा प्लॅटफॉर्म म्हणजे महाग गाडी, आणि महाग गाडी म्हणजे कुटुंब दुचाकीवरच राहणार. हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. एका दुचाकीवर चौघं जाताना दिसतात तेव्हा तीन ताऱ्यांची गाडीही त्यांना वरदान वाटेल. पण खर्च एकाच मॉडेलवर टाकला तरच डोईजड होतो. फोक्सवॅगन समूहानं युरोपात २०१७ मध्ये नवी पोलो आणली, भारतात मात्र जुनी २०२२ पर्यंत चालवली. मधल्या काळात एकच भारतीय प्लॅटफॉर्म तयार करून त्यावर कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस अशा चार गाड्या उभ्या केल्या. त्यातल्या कुशाक आणि टायगुनला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले. त्या पोलोसारखी परवडणारी गाडी तिच्या जागी आली नाही, ही तक्रार रास्त आहे. तरी चार भावंडांत खर्च वाटून घ्यायची वाट मोकळी आहे, आणि सगळ्या मोठ्या कंपन्या आज तिच्यावरच आहेत.

दुसरा आक्षेप गावाकडून येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. महिंद्राची बोलेरो २००० सालापासून विकली जाते, कारण तालुक्याच्या गावातला कुठलाही मेस्त्री ती उघडून दुरुस्त करतो आणि खडबडीत रस्त्यावर तिची चासी कुरकुरत नाही. नवा प्लॅटफॉर्म आणून ही सोय का घालवायची? सोय घालवायला नकोच. शिडीसारखी चासी ठेवूनही वरचा पिंजरा नव्यानं बांधता येतो. नाशिकला जन्मलेल्या स्कॉर्पिओचंच पाहा. २००२ ची गाडी, २०१४ मध्ये चासी बदलली, २०१६ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य तारे, आणि शिडीच्याच चासीवर नव्यानं घडवलेल्या २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनला पाच. जीपवजा गाडीचा रांगडेपणा राखून माणूस वाचवता येतो, हे त्याच कंपनीनं दाखवलं आहे. मग हेच काम बोलेरोसाठीही व्हायला हवं, कारण ती वाहते ती माणसं काही कमी मोलाची नाहीत.

स्कॉर्पिओ-एन आल्यावरही जुन्या पिढीची गाडी ‘क्लासिक’ नावानं विकली जात राहिली. आडनाव एक, शोरूम एक, सांगाडे दोन. घेणाऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगतो का? ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे, ताऱ्यांचा क्यूआर कोडवाला स्टिकरही आहे, पण ताऱ्यांची ही चाचणी ऐच्छिक असल्यानं ज्या गाडीची झालीच नाही तिच्यावर काहीच लिहावं लागत नाही. ती बंधनकारक होईपर्यंत निदान एवढं तरी करता येईल: किमतीच्या पाटीवर, मायलेजच्या शेजारी, गाडीचा सांगाडा कोणत्या साली आखला आणि त्यात शेवटचा बदल कोणत्या साली झाला, ही दोन सालं छापायची.