मोटारीची हवागाळणी आणि ती घरी बदलण्याची रीत

व्यापारी मनुष्य तराजूत पडणाऱ्या प्रत्येक दाण्याचा हिशेब ठेवतो. परंतु दाराशी उभी असलेली त्याची मोटार दररोज किती हवा ओढते, याचा विचार क्वचितच करतो. हवेलाही वजन असते. एक किलो पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो. म्हणजे लिटरमागे हवा सुमारे ११ किलो, आणि आकारमानाने पाहिल्यास जवळजवळ ९ हजार लिटर! दहा लिटर जाळणारी एक फेरी म्हणजे नव्वद हजार लिटर हवा, आणि तीही आमच्या बेळगाव-खानापूरच्या रस्त्यांवरची. पावसाळा सरला की या भागातील तांबडी धूळ वस्त्रांवर, वहीवर, जिभेवर कशी बसते, हे वाचकांस सांगावयास नको. या धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात, आणि गार ही सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून कठीण होय. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्या मध्ये ती शिरली की कानशीप्रमाणे काम करू लागते.

ती शिरू नये म्हणून जी घडीघडीच्या कागदाची चौकट इंजिनाच्या तोंडाशी बसविलेली असते, तीच हवागाळणी, म्हणजे एअर फिल्टर. तिची किंमत बहुतेक लहान मोटारींत काही शेकड्यांच्या पलीकडे जात नाही. तरीही माझ्याकडून तिची जी हेळसांड झाली, तिचे मोल मला पाच आकडी रकमेत मोजावे लागले.

काही वर्षांपूर्वी माझी मोटार तेल पिऊ लागली. मागील नळीतून निळसर धूर, चोर्ल्याच्या चढावर धाप. इंजिन उघडणाऱ्या वृद्ध मेस्त्रीने प्रथम हवागाळणीचा डबा उघडला व तिच्या पलीकडची रबरी नळी सोडवून माझ्यापुढे धरली. म्हणाला, “सावकार, ह्यात बोट घालून बघा.” बोट घातले, ते कुंकवासारखे लाल होऊन बाहेर आले. मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी नवी गाळणी डब्यात तिरपी बसली होती, रबरी कडेचा एक कोपरा दुमडला होता, आणि त्या फटीतून वर्षभर धूळ आत जात होती. दोष देण्यापूर्वी हेही नमूद केले पाहिजे की त्या दिवशी “लवकर आटपा, मला बाजार गाठायचा आहे,” असे तेथील पोराला मीच दोनदा सुनावले होते. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो. घाई करणारे कोणी जवळ नसते.

इंजिन पूर्ण थंड असावे आणि किल्ली खिशात असावी. बॉनेट उघडल्यावर इंजिनाकडे जाणारी जाड नळी शोधावी. ती ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून निघते, तोच आपला डबा. त्याचे झाकण कोठे चिमट्यांनी, कोठे स्क्रूंनी बांधलेले असते. काही गाड्यांत झाकणाशीच हवा मोजणारे एक नाजूक उपकरण व त्याची तार असते. तिला ओढ बसू देऊ नये, आणि त्या उपकरणाच्या आत बोट किंवा फडके मुळीच घालू नये. झाकण वर उचलताच मोबाईलवर एक छायाचित्र घ्यावे. कोणती बाजू वर होती, याविषयी अर्ध्या तासाने आपली स्मृती खात्रीने दगा देते.

जुनी गाळणी डब्यातल्या डब्यात आपटू नये, सरळ वर उचलावी. इंजिनाकडच्या नळीच्या तोंडात एक स्वच्छ फडके खोचावे आणि मग डब्याचा तळ किंचित ओल्या कापडाने पुसावा. तेथे सुकी पाने, मेलेले किडे, क्वचित उंदराने जमविलेला कापूसही सापडतो. खोचलेले फडके मात्र आठवणीने काढावे. जमाखर्चात एक पैसा चुकला तर आपण रात्र जागवतो. येथे एक फडके चुकले तर इंजिन ते ओढून घेईल.

नवी गाळणी जुनीशेजारी ठेवून लांबी, रुंदी, उंची पडताळावी. मग रबरी कड खाचेत बसवून चारही बाजूंनी बोट फिरवावे. माझे नुकसान जेथे झाले, ती जागा हीच. म्हणून मी दोनदा फिरवतो. झाकणाच्या मागील बाजूचे खुंट आधी त्यांच्या खाचांत जावेत, चिमटे त्यानंतर. चिमटा लावावयास बळ लागले, तर आत काहीतरी वाकडे आहे असे समजावे व पुन्हा उघडावे. शेवटी इंजिन सुरू करून शीळ ऐकू येते का, हे पाहावे.

दोन समजुती मात्र सोडल्या पाहिजेत. पहिली, गाळणी मळकी दिसली की वाऱ्याच्या जोराने झाडून घ्यावी. पंपाच्या झोताने कागदाला डोळ्यांस न दिसणारी भोके पडतात. शिवाय थोडी धूळ बसलेली गाळणी कोऱ्या गाळणीपेक्षा अधिक बारीक गाळते. वरचेवर उघडण्याने लाभापेक्षा हानीच अधिक. मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर पाळावे. धुळीच्या रस्त्यांवर ते कमी धरावे. दुसरी समजूत, नव्या गाळणीने पेट्रोलची मोठी बचत होते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत ते बरेचसे खरे होते. आजच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचे माप यंत्रणाच हवेप्रमाणे जुळवते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तुंबलेल्या गाळणीमुळे अशा गाड्यांचा इंधनखर्च लक्षणीय वाढला नाही, वेग घेण्याची शक्ती मात्र घटली. तेव्हा बचत पंपावर शोधू नये, ती सिलिंडरच्या आयुष्यात असते.

बदलल्याची तारीख व किलोमीटर मी डब्यावर खडूने लिहीत असे. तो पहिल्या पावसात पुसला गेला. आता दुकानाच्या किर्दीत शेवटच्या पानावर लिहितो. गेल्या दिवाळीत पुतण्याने हुबळीहून फोन केला : “काका, सगळं बसलं, पण मागचा एक चिमटा लागेना.” मी विचारले, खुंट खाचेत गेले का? पलीकडे थोडा वेळ शांतता, मग झाकण पुन्हा उघडल्याचा आवाज, आणि त्यामागून ‘टक्’.